सख्खे की चुलत

आमच्या करी रोडच्या चाळीत चुलत भावाला कुणी चुलत म्हणत नाही. म्हटलं तर माणूस दुखावतो. शेजारचे कोंडीरामकाका आणि त्यांच्या चुलत्यांचा आनंदा एकाच खोलीत वाढले, एका ताटात जेवले. त्यामुळे बाजारातल्या स्फोटात आनंदा गेला, तेव्हा काकांनी पोलिसांना जबानी दिली, "भावाला डबा द्यायला गेलो होतो. स्कूटर लावून जाणाऱ्याला बघितलाय मी. कपाळावर व्रण होता. समोर आणा, लगेच ओळखतो."

तो माणूस पुढे शेजारच्या देशात सापडला. खटला तिथेच चालणार होता आणि चेहरा पाहिलेले एकटे काकाच. दोन्ही देशांत सहकार्याचा करार झालेला. इथून जबानी जायची, तिथून फोटो यायचे. काका रोज आंघोळ झाली की डोळे मिटून तो चेहरा आठवायचे. देवाला हात त्यानंतर जोडायचे.

चार वर्षांनी फोटोंऐवजी जबानीच परत आली. शेरा होता, 'कागदपत्रांनुसार साक्षीदाराला भाऊ नाही. साक्ष संशयास्पद.'

"मग चुलत लिहा ना, काका," कचेरीतला कारकून म्हणाला. काकांच्या अगदी जिवावर आलं, पण लिहिलं. त्या एका शब्दाच्या सह्या, शिक्के आणि भाषांतरात आणखी तीन वर्षं गेली. मला अजून संताप येतो. बॉम्ब ठेवणाऱ्याला सरहद्द ओलांडायला कुणाचा शिक्का लागला होता?

शेवटी फोटो आले. एका कागदावर सहा चेहरे. पण तोवर काचबिंदूने काकांची नजर गेली होती. व्रण हाताला लागेल म्हणून ते कागदावरून बोटं फिरवत राहिले. साहेबांनी कागद काढून घेतला आणि 'ओळख पटली नाही' असं लिहिलं. दोन महिन्यांत तो माणूस सुटला.

यंदा दादरला दहशतवादाविरुद्ध शेजारी देशांची परिषद भरली. स्फोटात माणूस गमावलेले म्हणून काकांना पहिल्या रांगेत बसवलं. हात धरून मीच नेलं होतं. व्यासपीठावरचे पाहुणे म्हणाले, "आपण सारे शेजारी म्हणजे भाऊ-भाऊ." टाळ्या पडल्या.

काका चाचपडत उभे राहिले.

"सख्खे की चुलत?" त्यांनी विचारलं. "तेवढं आधी लिहून घ्या, साहेब. नायतर कागद परत येतो."