दहा वर्षांचं भाकीत आणि चमचाभर कडुनिंब

"आमची शरू कंपनीत ज्योतिष बघते," असं आई माझ्या नोकरीचं वर्णन शेजाऱ्यांना करते. प्रत्यक्षात मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मागणीचे अंदाज बांधते. पुढच्या तिमाहीत माल किती लागेल, फार तर पुढच्या वर्षी किती. त्यामुळे साहेबांनी केबिनमध्ये बोलावून "कर्नाटक पुढच्या दहा वर्षांत कुठं असेल?" असं विचारलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा चाललीय. चेष्टा नव्हती. बंगळुरूच्या कडेला बोम्मसंद्र्यात नवा प्लांट टाकायचं घाटत होतं. टाकावा की नाही यावर त्यांना माझं मत हवं होतं, आणि टाकलाच तर तिथलं नियोजन सांभाळायला मीच जायचं होतं. जायचं तर दहा वर्षांच्या तयारीनं, मध्येच गाशा गुंडाळून यायचं नाही. उत्तर पाडव्यानंतरच्या सोमवारी.

घरी येऊन आईला सांगितलं. आई मूळची बंगळुरूची. बनशंकरीत तिचं माहेर, चारशे वर्षांपूर्वी मराठी फौजांबरोबर दक्षिणेत उतरून तिथंच राहिलेल्या घराण्यांपैकी. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. मला वाटलं, ऐकून हरखेल. ती म्हणाली, "माहेरी चार दिवस जावं, राहायला जाऊ नये. तू जा. मी इथं बरी आहे." आणि मेथी निवडत बसली. तिला एकटीला पुण्यात ठेवून दहा वर्षं जायचं, की तिच्यासाठी ही संधी सोडायची? बरं, पुढच्या तिमाहीचं सांगताना जिची त्रेधा उडते तिनं अख्ख्या राज्याचं दशक सांगायचं! दोन रात्री झोप नाही. शेवटी सुट्टी टाकली आणि गाडी काढली.

हो, गाडीच. विमानानं तासाभरात पोचता येतं, पण विमानातून ढग दिसतात, राज्य दिसत नाही. ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांच्यासाठी सांगते: पुण्याहून अंधार असतानाच निघा, नाहीतर साताऱ्यापर्यंतच जीव जातो. फास्टॅगमध्ये पैसे भरपूर ठेवा. कागल सोडल्यावर रुंदीकरणाची कामं लागतात, रस्ता डावीउजवीकडे फिरवतात, तिथं घाई करू नका. मी केली आणि एका पत्र्याला आरसा घासून घेतला. मुक्काम हुबळीला. खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि दही पोटभर मिळतं, आणि पुण्यात तेवढ्या पैशांत धड थाळीही येत नाही.

दुसऱ्या दिवशी चित्रदुर्गाजवळ डोंगरांवर पवनचक्क्या दिसायला लागल्या. मी त्या मोजायला लागले, मग ट्रकांच्या नंबरप्लेटी, मग बंद पडलेले ढाबे. मन एका जागी ठरत नव्हतं. पवनचक्क्या दिसल्या की वाटायचं, राज्य जोरात आहे. पुढच्याच गावात भर दुपारी पारावर रिकामे बसलेले तरणे गडी दिसले की वाटायचं, छे, सगळा जोर एकाच शहरात गेलाय. तुमकूर ओलांडल्यावर तर दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. शहर सुरू व्हायच्या कितीतरी आधीच शहर सुरू होतं.

बनशंकरीत मामाच्या दारात गाडी लावली तर मामी गेटवरच उभी. "ये मा, ये. ऊटा झालं का?" इकडे जेवलीस का हे असं विचारतात. मागून मामा आला. "स्वल्प गाडी आत घे गं, टँकर येणार आहे." स्वल्प म्हणजे इकडचं 'जरासं'. पोचल्या पोचल्या पाण्याचाच विषय. कूपनलिका आटलेली, गल्लीत टँकरची वाट बघणारी पिंपं. आणि त्याच गल्लीत करंजाच्या फुलांचा असा सडा पडलेला की पाय ठेवायला मन होईना. या शहराबद्दल एक मत बनवायला जावं तर ते लगेच दुसरं पुढे करतं. मला फार वैताग आला.

मामेभाऊ रघूअण्णा बोम्मसंद्र्यातच एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. सकाळी त्याच्याबरोबर मेट्रोनं निघाले. बनशंकरीहून हिरव्या मार्गानं पुढच्याच स्टेशनवर उतरायचं, तिथं पिवळा मार्ग पकडायचा, तो थेट बोम्मसंद्र्यापर्यंत जातो. गाडीला चालक नाही. पहिल्या डब्यात पुढच्या काचेपाशी उभं राहायला मिळालं तर सोडू नका. खाली होसूर रस्त्यावर गाड्या खोळंबलेल्या आणि आपण वरून मजेत. रघूअण्णा म्हणाला, "मेट्रो नव्हती तेव्हा मी रोज या रस्त्यावर म्हातारा होत होतो."

शॉपमध्ये ओडिशाची, बिहारची पोरं, तमिळ फिटर, आणि कन्नड बोलणारे दोघेच. सगळे मिळून मोडक्या हिंदीत. मी अण्णाला विचारलं, "दहा वर्षांनी इथं काम कोण करणार?"

"जे तेव्हा येतील ते."

"आणि पाणी?"

"तेही आणायचंच की. इथं सगळं बाहेरूनच येतं, मा. आपणही बाहेरूनच आलो, नाही का?" असं म्हणून तो यंत्राकडे वळला. याला अंदाज म्हणायचं की हात झटकणं, मला कळेना.

परतताना एचएसआर लेआउटला मानसीकडे गेले. मानसी माझी कॉलेजची मैत्रीण, एका स्टार्टअपमध्ये आहे. स्टेशनवरून रिक्षा केली. फोनवर मी मराठी बोलत होते ते ऐकून रिक्षावाले वळले. "तुम्ही पुण्याचे का ओ, ताई?" ते बीदरजवळच्या भालकीचे. घरी मराठी, शाळा कन्नडमधून. मी त्यांनाही माझा प्रश्न विचारला. ते हसले. "आमच्याकडं कारखाना आला असता तर मी इथं कशाला रिक्षा चालवली असती? आता पोरगीबी म्हणतीय, बंगळूरलाच येते." भाडं ठरल्याप्रमाणेच घेतलं, वर रुपया नाही.

मानसी ज्या कॅफेत बसूया म्हणाली होती तिथं आता पाळीव प्राण्यांचं सलून निघालं होतं. शेवटी तिच्याच घरी बसलो. "दोन वर्षांत पुण्याला परत जायचंय मला, डेफिनेटली," ती म्हणाली. हे ती सात वर्षं म्हणतेय. घराचा करार अकरा महिन्यांचा, कपाटाऐवजी चाकांचा रॅक, भिंतीला एक खिळा नाही. मी विचारलं, "दहा वर्षांनी हे शहर कसं असेल?" ती म्हणाली, "यार, मला पुढच्या फंडिंगपर्यंतचंच दिसतं." खिडकीतून पाहिलं तर समोरच्या गाळ्याची पाटी उतरवत होते. मला तिथून उठून पळावंसं वाटलं, आणि त्याच वेळी इथं येऊन काम करावं असंही फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाडवा. मामाकडे गुढीही उभी राहते आणि इकडचं बेवु-बेल्लाही होतं, म्हणजे कडुनिंब आणि गूळ. जेवायला होळिगे, म्हणजे पुरणपोळीच, पण पातळ आणि मोठी, वर कैरीचा भात आणि कोशिंबीर. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, तसं यंदा शेजारची नवी भाडेकरीण विचारून गेली, की साडी काठीवर वाळत घालून वर तांब्या का ठेवलाय. त्या घरात कोणी कधी भरल्या पोटी रुसून बसत नाही, पण मी बसणार होते. त्याचं कारण सांगते.

पूजा झाल्यावर मामा पंचांग वाचतो. पाऊस किती, धान्य काय, राजाला कसं. पण त्याआधी या घरात एक खेळ असतो. गेल्या पाडव्याला प्रत्येकानं येत्या वर्षाबद्दल एकेक भाकीत केलेलं असतं. ते सगळ्यांना तोंडपाठ. ज्याचं खरं ठरलं त्याला गूळ जास्त, ज्याचं चुकलं त्याला चमचाभर नुसता कडुनिंब. रघूअण्णा म्हणाला होता की मेट्रो सुरू झाल्यावर होसूर रस्ता मोकळा होईल. त्यानं तोंड वाकडं करत कडुनिंब खाल्ला आणि सगळे टाळ्या पिटत होते. मामाची जुनी फजिती तर दरवर्षी उगाळतात. तो ज्या सरकारी कारखान्यात होता तो कधी बंद पडणार नाही, असं तो याच खुर्चीत छाती ठोकून बोलला होता. "त्या वर्षी झाडच खाल्लं याने," मामी म्हणाली.

मग नवी भाकितं सुरू झाली. माझी पाळी आली. माझ्याकडे तर दहा वर्षांचं होतं! मी सरसावून म्हटलं, "माझ्या मते कर्नाटकात..."

मामीनं हात वर केला. "थांब मा. पुढच्या पाडव्याला तू इथं आहेस का?"

"ते अजून ठरायचंय."

"मग बोलू नकोस. कडुनिंब खायला जो येणार, त्यानंच भाकीत करायचं. तशी पद्धत आहे."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझा अपमान झाल्यासारखं वाटलं. इतकी शिकलेली, पगार घेऊन अंदाज सांगणारी मी, आणि यांच्या दिवाणखान्यात मला तोंड उघडायची परवानगी नाही? पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. आजवर मी जिथले जिथले अंदाज बांधले तिथं चुकल्याची झळ मला कधी लागलीच नव्हती. माल पडून राहिला तर तो गोदामवाल्यांच्या डोक्यावर.

मामाच्या ते लक्षात आलं असावं. त्यानं आणखी एक चमचा कडुनिंब घेतला आणि तोंडात टाकला. मी विचारलं, "हा कुणाचा?"

"अक्काचा." अक्का म्हणजे माझी आई, मामाची थोरली बहीण. "लग्नाआधीच्या पाडव्याला म्हणाली होती, दोन वर्षांत नवऱ्याला घेऊन इथं राहायला येते की नाही बघा. तुझ्या बाबांची नोकरी पुण्याची. कुठली येते? दरवर्षी तिच्या वाटणीचा मीच खातो."

"चुकलं म्हणून सोडून द्यायचं ना मग."

"सरी, ठीक आहे, सोडू. पण तिनं तसं म्हटलं पाहिजे."

मग त्यानं पंचांग उघडलं. पाऊस मध्यम होता.

निघताना मामीनं होळिगे बांधून दिल्या आणि स्टीलच्या डबीत बेवु-बेल्ला. परतीचा रस्ता मला फारसा आठवत नाही. मुक्काम केला, टोल भरले, त्याच पत्र्याजवळ या वेळी गाडी हळू घेतली. डोक्यात अहवालाची वाक्यं मांडत होते आणि मोडत होते. भालकीचे रिक्षावाले, मानसीचा खिळा नसलेला फ्लॅट, टँकर, यंत्रापुढची ती पोरं. आईला काय सांगायचं हेच सुचत नव्हतं.

घरी आले तेव्हा आई नेहमीसारखी ओट्याशी. मी डबी पुढे केली आणि बिचकत विचारलं, "तू लग्नाआधी काही भाकीत केलं होतंस म्हणे."

ती थबकली. "कोणी सांगितलं?"

"मामानं. तुझ्या वाटणीचा कडुनिंब तो दरवर्षी खातो."

"अजून?" एवढंच म्हणाली आणि खुर्चीत बसली. आईला रडताना मी बाबा गेले तेव्हाच पाहिलं होतं. आज ती डोळ्यांना पदर न लावता रडली. मग मला म्हणाली, "मला वाटलं होतं, विसरले असतील सगळे. चाळीस वर्षं मी पुण्याची झाले. आता पिशव्या उचलून गेले तर त्या घरात मला कोण ओळखणार, याची भीती वाटत होती गं." तिनं डबी उघडली, गूळ बाजूला सारला आणि नुसता कडुनिंब चमचाभर खाल्ला. तोंड वेडंवाकडं झालं.

"म्हणजे चुकलं म्हणून मान्य करतेस?" मी विचारलं.

"कशाला चुकलं? हा उशिराचा दंड." ती पाणी प्यायली. "स्वल्प लेट झालं, एवढंच." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून 'स्वल्प' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

रविवारी दिवसभर अहवाल लिहिला. लिहिलं की बंगळुरू थांबणार नाही, पण पहिलं भांडण पाण्यावरून होईल, म्हणून पाण्याच्या पुनर्वापराशिवाय प्लांट टाकू नये. लिहिलं की कामगार मिळतील, पण ते लांबून येतील आणि त्यांच्या राहण्याची सोय आपण केली नाही तर अकरा महिन्यांत जातील. लिहिलं की दहा वर्षांच्या शेवटी शेवटी हुबळी, बीदरकडे काम सरकायला लागेल, तेव्हा पुढचा प्लांट तिकडे बघावा. यातलं किती खरं ठरेल, देव जाणे. अजूनही रात्री मध्येच जाग येते आणि पाण्याचं वाक्य बदलावंसं वाटतं. सोमवारी सकाळी मेल पाठवला. शेवटी लिहिलं, प्लांट टाकावा, मी जाते, आई बरोबर येते आहे.

मग मामाला फोन लावला आणि कर्नाटकाबद्दलचं माझं भाकीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "दहा वर्षांचं आहे, म्हणजे दर पाडव्याला तपासायचं." मग मामीला हाक मारून म्हणाला, "कमला, गच्चीवरचा कडुनिंब तोडू नकोस गं, लागणार आहे."