काळी शेळी पान्हवली त्या दुपारी

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर खोटारडा म्हणतो. आजबी म्हणीन. चौथी शिकलेला, शेळ्या राखणारा माणूस मी. पण हे माझ्याच घरात, पाटोद्याजवळ, भर दुपारी झालंय... म्हणून लिहितो.

बायको गेली अन् थोड्याच दिवसांत लेक शोभा पहिल्या बाळंतपणाला आली. आई नसलेलं माहेर! डिलिव्हरी नॉर्मल झाली, पोरगी झाली. नर्सबाईनं बजावलं होतं, अंगावरच पाजा. पण घरी आल्या आल्या माझी थोरली बहीण म्हणली, "हे पहिलं दूध म्हंजे चीक. लेकराला बाधतो. पिळून टाक." अन् गुळाचं पाणी पाजलं.

मी म्हणलं, "अक्का, करडाला तर आपण आधी चीकच पाजतो."

"तू तुझ्या शेळ्या बघ. बाळंतिणीच्या खोलीत गड्याचं काय काम?"

बायको असती तर अक्काची टाप नव्हती असं बोलायची.

तिसऱ्या दिवशी पोर रडायचीबी थांबली. छातीला लावली तर तोंड उघडंना. शोभा म्हणली, "आण्णा, गाडी बोलवा." फोन करून मी अंगणात वाट बघत उभा राहिलो.

तिथं बायकोची काळी शेळी बांधलेली. बायको गेल्यापासून ती आपल्या करडाला तेवढं पाजायची, माणसाला सडाला हात लावू देत नव्हती. करडू सड धरंना झालं की बायको जीभ टाळूला लावून टक-टक-टक करायची. करडू प्यायला लागायचं, शेळी पान्हवायची. दुसऱ्या कुणाला तो आवाज कधी जमला न्हाई.

तोच आवाज आला... खोलीतून.

शेळीनं मान वर केली. कुणी हात न लावता सडातून दूध मातीत ठिबकायला लागलं. अन् आतून शोभा ओरडली, "आण्णा, धरलं! प्यायला लागली!"

मी दारात गेलो. अक्का तोंडाला पदर लावून उभी.

"तू केला का आवाज?"

"मी तुलाच इचारणार व्हते..."

गाडी आली, पोरीला दवाखान्यात नेलंच. आता गुटगुटीत हाय. अक्का गावभर सांगती, गुळाच्या पाण्यावर जगली म्हणून!

तो आवाज कुणी केला, मला अजून उलगडलं न्हाई. पण खरं सांगू? राग येतो. नातीसाठी आली, शेळीलाबी वळखू आली. मी तिथंच अंगणात उभा होतो... मला एक शब्द न्हाई.

शेळी मला अजून लाथच मारती.