उजेड न कळणारी रोपं

आमच्या वडिलांना, म्हणजे आण्णांना, पिवळं रोप डोळ्यांसमोर खपत नसे. नातेपुत्याजवळ आमची टोमॅटोच्या रोपांची छोटी रोपवाटिका आहे. सकाळचा चहा झाला की आण्णा शेडनेटमध्ये जात, एकेक ट्रे मांडीवर घेत आणि फिकं दिसेल ते रोप चिमटीत धरून उपटत. आण्णांच्या ट्रेमध्ये पिवळं रोप सापडायचं नाही, ही त्यांची पंचक्रोशीतली अब्रू होती. मग त्यांच्या डोळ्यांची नस सुकायला लागली. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषध घालून जपा, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. आण्णांना अजून रोपं दिसतात का, हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात होता आणि विचारायची कुणाची छाती होत नव्हती.

मी तेव्हा सोलापूरला वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होते, तेही टोमॅटोवरच. एका जनुकात बिघाड झाला की रोपाला उजेड नीट ओळखता येत नाही. भर उन्हात उभं असून ते अंधारात उगवल्यासारखं वागतं, लांबुडकं होतं आणि पिवळट राहतं. दुसऱ्या एका बिघाडाने नेमकं उलट होतं. थोडासा उजेडही रोप फार मनावर घेतं, बुटकं राहतं, कच्ची फळं गर्द हिरवी धरतं आणि ती पिकली की नेहमीपेक्षा गडद लाल होतात. आण्णांना ही दुसरी रोपं आवडायची. पहिल्यांबद्दल ऐकून मात्र ते खूप हसले. मी जे उकिरड्यावर टाकतो ते तू शिकूनसवरून वाढवतेस, म्हणाले.

त्या उन्हाळ्यात कॉलेजमध्ये पाण्याचे हाल झाले, म्हणून मी रोपांचा एक ट्रे घरी आणून ठेवला. सगळं बी एकाच फळातलं, तरी काही रोपं हिरवी होती आणि काही पिवळी. मला पिवळीच हवी होती. ती मुळातच मरतुकडी, आणि माझ्याकडचं बी संपत आलेलं. पिवळ्याला हात लावायचा नाही, असं मी आण्णांना आणि आईला बजावलं. आण्णा म्हणाले, "औंदा पिवळं हाय कुटं काढायला? बी लई चांगलं लागलंय की." त्यांच्या तोंडावरचं समाधान बघून मला बरं वाटलं. आई भांडी घासत राहिली.

पुढच्या रविवारी एसटीने घरी गेले आणि आधी शेडनेटमध्ये शिरले. माझी पिवळी रोपं ठणठणीत उभी होती. मी खूश झाले. मग शेजारच्या ट्रेकडे लक्ष गेलं. त्यातही पिवळी होती. त्याच्या पलीकडच्यातही. विक्रीच्या सगळ्याच ट्रेंमध्ये मधूनमधून पिवळी रोपं उभी होती, आणि आण्णा त्यांच्यामध्ये बसून निवांत पाणी मारत होते.

स्वयंपाकघरात आईला गाठलं, तेव्हा तिने सांगितलं. थंडीपासून ती आण्णा उठायच्या आत बॅटरी घेऊन जायची आणि पिवळी उपटून ठेवायची. आण्णा मागून जाऊन ट्रे बघायचे, हाताला काही लागायचं नाही, आणि यंदाच्या बियाचं कौतुक करायचे. मी ट्रे आणल्यावर आण्णांनी सावलीसाठी ट्रे हलवले. त्यांतला माझा कोणता ते तिला ओळखेना. माझं शिक्षण वाया जाईल या भीतीने तिने सगळ्यांनाच हात लावायचं सोडलं. मी चिडले. मला एक फोन करता आला नाही का, म्हणाले. फोन आण्णांच्या खिशात असतो, ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला, तशा आम्ही दोघी शेडनेटकडे आलो. नेहमीचे गिऱ्हाईक होते, वर्षानुवर्षं आण्णांकडूनच रोपं नेणारे. त्यांनी एक ट्रे उचलला, दुसरा उचलला आणि खाली ठेवले.

"आण्णा, ह्यात पिवळी लई हायती की."

आण्णांनी ट्रे मांडीवर घेतला. अगदी नाकाजवळ नेला, उन्हाकडे धरला, फिरवला. मला ते बघवेना. गिऱ्हाईकालाही अवघडल्यासारखं झालं असावं. उद्या येतो म्हणाले आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले.

"हायती का गं?" आण्णांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आण्णांनी ट्रेमधल्या रोपांवरून बोटं फिरवली. मग आईच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "आजपातुर तू काढत हुतीस. माज्या आदी उठून."

आईने मान हलवली. आण्णा वाट बघत राहिले. मग तिच्या लक्षात आलं आणि ती तोंडाने "व्हय" म्हणाली.

"उद्यापासनं उजेडात काढत जा," आण्णा म्हणाले. "अंदारात तुजं बी डोळं जातील."

आणि मांडीवरचा ट्रे त्यांनी तिच्याकडे सरकवला.