बिबड्यांचा अंतरपाट

गच्चीवर पसरलेलं अर्धं धोतर बिबड्यांनी, म्हणजे ज्वारीच्या पापडांनी, भरलं होतं, अर्धं कोरं होतं. कुंदाबाईंच्या हाताला ज्वारीचा गरम घाटा चिकटलेला आणि ओठांवर मुक्ताईचं नाव. तेवढ्यात धाकटे दीर हिलालभाऊ गळ्यात शिट्टी अडकवून जिना चढून आले.

"वहिनी, बठ्ठा पिच्चर तुमना हातमा शे!"

"सगळा पिच्चर? मना हातमा घाटा शे. दिखस नही का?"

हिलालभाऊ चाळीसगावात लग्नांचं शूटिंग करायचे. टाळेबंदीने लग्नं पन्नास माणसांवर आणली, तेव्हा त्यांनी थेट सिनेमाच काढला. गोष्ट अशी, की कोरोनाला भ्यालेला एक दिग्दर्शक प्रेमाचा सिनेमा काढतो. नायक-नायिकेच्या मध्ये सहा फुटांची काठी धरतो आणि नायकाचा चेहरा दिसत नाही म्हणून त्याच्या मास्कवर मिशा काढतो. दिग्दर्शकाचं काम हिलालभाऊ स्वतःच करत. त्यात नाटक फारसं करावं लागत नव्हतं. कॅमेऱ्यालाही ते सॅनिटायझर चोळत.

आज शेवटचा प्रसंग, लग्नाचा. नायिका धुळ्याची, ती जिल्ह्याच्या हद्दीवर अडकली. म्हणून कुंदाबाईंची लेक चारुलता नवरी झाली. नवरदेव म्हणजे सिनेमाचा नायक, समोरच्या गल्लीतला नवीन नावाचा मुलगा.

"अंतरपाटच नाही हो. कापडाची दुकानं बंद," म्हणता म्हणता हिलालभाऊंची नजर कालच्या धोतरावर गेली. ते वाळून पुठ्ठ्यासारखं झालेलं, वर बिबड्या तशाच चिकटलेल्या. कापड मागून ओलं केल्याशिवाय त्या सुटतात कुठे?

धोतर कुंदाबाईंनी दिलं. पण हिलालभाऊंनी मंगलाष्टकांचं पुस्तक उघडलं, तशा कुंदाबाई मध्ये आल्या. चारुलताला स्थळं बघणं चालू होतं. खऱ्या मंगलाष्टका, खऱ्या अक्षता आणि हे सगळं घरोघरच्या मोबाइलवर! उद्या कोणी म्हणालं, पोरीचं एकदा लागलेलं आहे, तर?

"हे म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "देवाला कॅमेरा कळत नाही."

"अहो वहिनी, पिच्चरमध्ये माणसं मरतात. खरी मरतात का?"

"मग झोपा तिरडीवर, हिलालभाऊ. मी फुलं वाहते."

हिलालभाऊंनी पुस्तक मिटलं. पण मंगलाष्टकांशिवाय लग्न कसलं? नवीन घामाने भिजला, मास्कवरच्या मिशा ओघळायला लागल्या. शेवटी कुंदाबाईच धोतरामागे उभ्या राहिल्या आणि त्याच चालीत त्यांनी सूर लावला,

"ज्वारी ही भिजवा, तिला बदलुनी पाणी नवे रोजचे..."

पुढच्या ओळींत दळण झालं, तीळ-लसूण पडला, घाटा शिजला. कडव्याच्या शेवटी 'सावधान' आलं नाही. "कावळा सांभाळा!" असं त्या खणखणीत म्हणाल्या आणि अक्षतांऐवजी ज्वारीच्या कण्या उधळल्या. नवीनने मास्क खाली ओढून अंतरपाटाच्या कडेची एक सुटलेली बिबडी खाऊनच टाकली. हिलालभाऊ "अंतर! अंतर!" करत काठी घेऊन धावले, ते कॅमेरा बंद करायचा विसरूनच.

हसून हसून लोकांनी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा पाहिला.

दिवाळीनंतर धुळ्याहून सुनंदाबाई नावाच्या बाईंचा फोन आला. मुलासाठी मुलगी आवडली होती, पण आवाज जरा चाचरत होता. "तुमच्या चारुलताचं ते... लग्न झालं नव्हतं ना हो?"

"सावधान म्हटलंच नाही," कुंदाबाई म्हणाल्या. "पिच्चर परत लावून ऐका."

पलीकडे हसू फुटलं. रविवारी पाहुणे यायचं ठरलं.

कुंदाबाईंनी देवापुढे साखर ठेवली, पदर खोचला आणि चारुलताच्या पत्रिकेची झेरॉक्स काढायला त्या बाहेर पडल्या.