फुकटची भिंत

निवृत्तीनंतर वडील आमच्याकडे राहायला येणार, म्हणून टेमघरच्या घराला मागे एक खोली वाढवायला काढली. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे आणि महाग पडे. मागे लागूनच यंत्रमागाचा कारखाना होता. गवंडी म्हणाला, "भाऊ, शेठला विचारा. त्यांची भिंत मिळाली तर आपल्याला तीनच बांधायच्या." शेठ हो म्हणाले आणि मी खूश झालो.

माग दिवसरात्र चालत. भिंत थरथरायची, फळीवरचा तांब्या सरकायचा. वडिलांनी खाट उंबऱ्यापर्यंत ओढली. "एसटीत बसल्यासारखं वाटतं रे," ते हसून म्हणाले, "फक्त पडघा येत नाही." पडघ्याला माझी बहीण राहायची. शुक्रवारी कारखाना बंद असे. त्या दिवशी ते दिवसभर झोपून राहत, जेवायलाही उठत नसत. हे सगळं दिसत असूनही आतून वेगळी भिंत घालणे मी पुढे ढकलत राहिलो.

दिवाळीनंतर ते चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे गेले. आणायला गेलो, तर ऊन वर आले तरी ते गाढ झोपले होते. बहीण म्हणाली, "दादा, नको उठवूस. इथंच राहू दे त्यांना."

मी एकटा परतलो. त्यांची खाट पुन्हा भिंतीला लावली आणि तिच्यावर मीच झोपू लागलो. मग मीही शुक्रवारची वाट पाहायला लागलो.