पतंगवाल्याचं विमान

देरामानचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. सॉ मिलचा भोंगा सातचा. पण त्याआधी पात्याचे दात तपासायचे, तेल घालायचं, कालचा भुसा खरवडायचा. या कामाचे पैसे कुणी देत नव्हतं. तो करायचा. मी शेजारच्या करवतीवर होतो, आणि त्याचं पातं मध्येच अडकलेलं मला आठवत नाही. कामात मी सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही. देरामानला म्हणतो.

गावात मात्र त्याचं नाव होतं ते पतंगांसाठी. भाताची कापणी झाली, की मलेशियातल्या आमच्या तुंपातच्या मोकळ्या शेतांतून आमचे वाऊ चढतात. माणसापेक्षा मोठे पतंग, डोक्यावर ताणलेली पट्टी. वारा लागला की ती गुणगुणते आणि गावभर ऐकू जाते. दोर जाड. ओढ अशी, की नवखा माणूस धसकटांतून फरपटत जातो. देरामान एकटा धरायचा. पतंग एका अंगाला कलला की ढील, खाली बसायला लागला की ओढ. आमच्याशी बोलत, दुसरीकडे बघत. पतंगाकडे त्याचे हात बघायचे.

मग खांदा गेला. एका दिवसात नाही. वर्षानुवर्षं आकड्याने ओंडके ओढून ओढून गेला. डॉक्टरने सांगितलं, हात कानाच्या वर जाणार नाही आणि ओढ सोसणार नाही. मिलने हिशेब करून घरी पाठवलं. त्या साली कापणीनंतर त्याने वाऊ चढवला. वारा भरला, खांदा सुटला आणि दोर हातातून निघून गेला. पतंग नारळींच्या पलीकडे कुठेतरी पडला. आम्ही आणायला निघालो तर म्हणाला, "राहू दे."

पुढे कितीतरी दिवस तो शेताकडे फिरकला नाही. एकदा चहाच्या दुकानात आपणहून मला म्हणाला, "आवांग, वर आपलं काही नसलं ना, तर मान वर करायलासुद्धा लाज वाटते रे."

एवढंच त्याला हवं होतं. वर आपलं काहीतरी, आणि ते आपल्या हातात.

त्याच शेतांत शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या सकाळी, तेओ यायचा. बाजारात मोबाइल दुरुस्त करायचा आणि रिमोटवर उडणारी विमानं विकायचा. चाळिशीचा, तोंडाचा फाटका, पण कामाला सरळ. दोन अंगठ्यांनी विमान फिरवायचा. देरामान बांधावर बसून ते अंगठे बघत राहिला. परत येताना म्हणाला, "खांदा लागतच नाही."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तेओच्या दुकानात गेला.

"कुठलं पाहिजे, पोक?" तेओने विचारलं. बापाच्या वयाच्या माणसाला आमच्याकडे पोकच म्हणतात, तेओसारखी चिनी माणसंसुद्धा.

देरामानने वर टांगलेल्या करड्या लढाऊ विमानाकडे बोट केलं.

"ते? घ्या की. पेटीतून काढायचं, वर फेकायचं आणि पिशवीत भरून घरी न्यायचं. पिशवी माझ्याकडून फुकट."

"थट्टा नको करू."

"थट्टा नाही, पोक. ते जोरात गेलं तरच हवेत राहतं. डावीकडे की उजवीकडे, हे तुम्ही ठरवेपर्यंत ते जमिनीत घुसलेलं असतं."

मग त्याने शिकाऊ विमानं काढली. देरामानने घाई केली नाही. सॉ मिलमध्ये फळी बघायचा तशी एकेक बघितली. एक हलक्या लाकडाचं होतं. ते त्याने बराच वेळ हातात धरलं, रेषा बघितल्या, बोटाने वाजवलं. मग स्वतःच खाली ठेवलं.

"पडलं की चुरा," म्हणाला. "फोमचं दाखव."

फोमच्या पंखाला त्याने नख लावलं, पंख वाकवून बघितला.

"मोडलं तर?"

"चिकटवायचं आणि पुन्हा उडवायचं. सगळे सुटे भाग माझ्याकडे मिळतात. नुसता सांगाडासुद्धा मिळतो. रिमोट आणि बॅटरी तीच चालते."

"आधी काय मोडतं?"

"नाक. नवख्याचं नेहमी नाक. म्हणून याचा प्रोपेलर पुढे नाही, पंखाच्या मागे आहे. नाकावर पडलं तरी तो वाचतो."

"पंख पाठीवर का?"

"अंग खाली लोंबतं ना, मग ते डुललं तरी सरळ होतं. आणि हे बघा." तेओने रिमोटवरचं एक बटण दाखवलं. "हे चालू ठेवायचं. काही सुचेनासं झालं की अंगठ्यांखालच्या या दांड्या सोडून द्यायच्या. विमान आपलं आपण सरळ होतं. तुम्ही काहीच करायचं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. तेवढंच लोकांना जमत नाही."

देरामानने तेच घेतलं. फोमचं, पाठीवर पंख असलेलं, मागे प्रोपेलर, सावकाश उडणारं. वरून पांढरं आणि पोटाला लाल, म्हणजे पालथं झालं तर लांबून कळतं. नवख्यासाठी याहून बरी निवड मला कुणी दाखवावी. मिलने दिलेले पैसे त्यात गेले. त्याची बायको मेक नाब ते पैसे छपरासाठी धरून बसली होती.

"अहो, हे खेळणं कुणाला?" तिने विचारलं.

"मला."

"मग दुधाची बाटलीपण आणायची होती."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

पहिला दिवस त्याने स्वतः निवडला. दुपार, समुद्राकडून भरलेला वारा, वर चार वाऊ गुणगुणत होते. पतंगवाल्याला हाच दिवस चांगला. तेओला कळलं तेव्हा तो स्कूटरवरून ओरडतच आला.

"पोक, वाऱ्यात नाही उडवायचं! सूर्य उगवताना या. पान हलत नाही तेव्हा!"

"वारा नाही तर उडवायचं कशावर?"

तोवर मी विमान हातातून फेकलं होतं. वाऱ्याने ते उचललं आणि मागे मागे नेऊन नारळीच्या बुंध्यावर आदळलं. पंख दुभंगला. तेओने तिथेच बसून चिकटवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी आम्ही सूर्य उगवताना गेलो. झाडाचं पान हलत नव्हतं. तेओ देरामानच्या शेजारी उभा राहिला. विमान सरळ वर गेलं, पांढरं, शांत. मग जरा खाली यायला लागलं. देरामानने दांडी आपल्याकडे ओढली.

"ओढू नका! सोडा!"

त्याने आणखी ओढली. नाक वर झालं, वेग गेला, एक पंख खाली कलला आणि विमान दगडासारखं खाली आलं. नाक चेपलं. प्रोपेलर वाचला. तेओ म्हणाला होता तसंच.

पुन्हा चिकटवलं, पुन्हा उडवलं. पुन्हा तेच. पुढच्या शुक्रवारीही तेच. खाली येताना दिसलं की त्याचा हात ओढायचा. पतंग असता तर त्या ओढीने वर चढला असता. विमान त्या ओढीने पडतं.

"पोक, हात सोडा. नुसते सोडा. ते स्वतः उडतं."

"सोडलं तर जाईल."

"जाणार नाही. बटण चालू आहे."

"तू सोडून दाखव."

तेओने रिमोट घेतला, विमान वर नेलं आणि दोन्ही अंगठे उचलून हवेत धरले. विमान सरळ चालत राहिलं. देरामानने ते बघितलं. मग नाही म्हणून मान हलवली. न समजल्यामुळे नाही. समजलं होतं म्हणून.

मी त्याला तेव्हा आळशी म्हणालो असतो तर ते खोटं ठरलं असतं. घरी तो खाटेवर बसून, बॅटरी न लावता, रिमोटच्या दांड्या धरायचा आणि सोडायचा. धरायचा आणि सोडायचा. मेक नाब म्हणायची, "तसबीहचे मणी ओढताय की काय?" मेहनतीत कमी पडला नाही. पण ज्या हातांनी त्याला आयुष्यभर नाव दिलं, त्यांना तो नवं काही शिकवू शकला नाही.

मग एका सकाळी, तेओ यायच्या आधी, त्याने मला बोलावलं. विमानाच्या डाव्या पंखाला त्याने दोरी बांधली होती. पतंगाला बांधतात तशी, दोन टोकं एका गाठीत आणलेली. बारीक नायलॉन, गुंडाळी त्याच्या डाव्या हाताला.

"तेओला विचारलंस?"

"तो पतंग उडवत नाही. फेक."

मी फेकलं. विमान वर चढलं, दोरी ताणली आणि ते त्याच्याभोवती गोल फिरायला लागलं. देरामान त्याच्याबरोबर फिरत होता, रिमोट पोटाशी धरून.

"लागली!" तो ओरडला. "आवांग, ओढ लागली!"

त्याचा इतका मोठा आवाज मी मिलमध्येसुद्धा ऐकला नव्हता.

मग विमान जरा खाली बसलं. त्याने दोरी ओढली. विमान आत आलं, दोरी सैल पडली, पंखावरून मागे गेली आणि प्रोपेलरने ती खेचून घेतली. नवख्याच्या सोयीसाठी मागे लावलेला प्रोपेलर. मोटार किंचाळली आणि बंद झाली. विमान आमच्यापासून दहा पावलांवर पडलं. शेपूट वेगळं, पंख उखडलेला, मोटारीतून जळका वास.

तेओ आला. त्याने दोरी बघितली आणि शिवी गिळली. एवढंच म्हणाला, "पोक, हे चिकटायचं नाही."

देरामान पुन्हा मिलमध्ये गेला. करवतीवर कोण घेणार? भुशाची पोती भरायचं काम मिळालं, पोत्यामागे मजुरी. उजवा हात अंगाशी धरून तो डाव्याने भरायचा. मी एकदा मुद्दाम पोतं दाबून बघितलं. कोपऱ्यापर्यंत गच्च होतं. दुसऱ्यांची पोती तशी नसतात. पावसाळा आला, छप्पर गळलं, मेक नाबने गळतीखाली भांडी लावली. पुढची कापणी झाली तेव्हा त्याने तेओकडून नवा सांगाडा आणि मोटार आणली.

शुक्रवारी सूर्य उगवताना आम्ही शेतात होतो. मी विमान हातात घेतलं. देरामानने रिमोट तेओपुढे धरला.

"तू उडव."

"पोक, अजून एकदा बघा ना. मी शेजारी आहे."

"उडव म्हटलं ना."

तेओने उडवलं. चांगलं उडवलं. विमान नारळींच्या वरून वळून आलं, पोटाचा लाल रंग उन्हात दिसला. देरामानने एक फेरी बघितली. मग बांधावर बसून गोकर्णीच्या फुलांनी निळ्या केलेल्या भाताची पुडी सोडली, वर बुडू, म्हणजे आंबवलेल्या माशांचं खारं पाणी, ओतलं आणि खाली बघत जेवायला लागला. त्याच्या हातात काहीच येत नव्हतं, हे त्याच्या पाठीकडे बघूनही कळत होतं.

गवताचा भारा घेऊन जाणारी एक बाई थांबली. "कुणाचं हो ते?"

"तेओचं," देरामान म्हणाला.

भुशाच्या पोत्यांच्या मजुरीतून आलं ते हे विमान. दर शुक्रवारी तेओ ते उडवतो. बॅटरी देरामान घरून चार्ज करून आणतो.