रुमालाखालचा अंगठा

उदगीरच्या माणिकप्पांचा चेहरा म्हणजे बंद दुकान. मिसरूड फुटल्यापासून ते बैलांची दलाली करत आले, आणि बैलाच्या दलालाला चेहरा परवडत नाही. सौदा रुमालाखाली होतो. घेणाऱ्याचा दलाल आणि देणाऱ्याचा दलाल एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव सांगतात. चार बोटं दाबली की चार, अंगठ्यासकट पंजा आवळला की पाच. बाहेरची गर्दी दोघांच्या तोंडाकडे बघत उभी असते, आणि हे दोघे कुणाच्या तरी मयतीला आल्यासारखे बसलेले असतात.

या विद्येला करपल्लवी म्हणतात. माणिकप्पांना हा शब्द आधी ठाऊक नव्हता. एका वार्ताहरानं बाजारावर लेख लिहिला आणि त्यात त्यांना 'करपल्लवीचे बादशहा' म्हटलं. तेव्हापासून ते कात्रण बैठकीत, बसवेश्वरांच्या तसबिरीच्या खालोखाल, काचेत लावलेलं होतं. पाहुण्याला आधी कात्रण दाखवलं जाई, मग चहा मिळे.

तर अशा बादशहाच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर व्हायची, करंगळी मात्र ठणठणीत. रात्री त्रास जास्त. माणिकप्पा झोपेतून उठून हात झटकत बसायचे.

"पाल पडली का अंगावर?" पार्वतम्मा विचारायच्या.

"एनू इल्ल. काही न्हाई, झोप तू."

घरात काही लपवायचं असलं की माणिकप्पा कानडीत शिरायचे. पार्वतम्मांचं माहेर बिदरकडचं असल्यामुळे त्यांना ते जास्तच समजायचं.

लपवणं अंगाशी आलं ते हाळीच्या बैलबाजारात. औशाकडचा व्यंकट एक देखणा देवणी जातीचा बैल घेऊन आला होता. त्याच्या बाजूनं माणिकप्पा, घेणाऱ्याच्या बाजूनं बजरंग. हा बजरंग निलंग्याचा दलाल, वयानं माणिकप्पांपेक्षा थोडा लहान आणि आवाजानं बराच मोठा. रुमालाखाली हात गेले. माणिकप्पांना चार बोटं लागली. त्यांनी व्यंकटच्या कानात "लाखावर चार हजार" सांगितलं, व्यंकटनं मान डोलावली. पण पैसे हातात आले तेव्हा लाखावर पाच निघाले. व्यंकट कोड्यात पडला आणि बजरंग ओरडला, "चार कुठले? मी पंजा दिलाय! वरचा हजार कुणाच्या धोतरात चालला होता, अप्पा?"

सगळा बाजार वळून बघायला लागला. दलालानं लाथ खाल्ली तरी चालते, हजार खाल्लेला चालत नाही. व्यंकटनं सौदा मोडून पैसे परत केले आणि बैल सोडून घेतला.

"आमच्या बापापास्नं तुमच्यावर इश्वास हाय, अप्पा. म्हणून माळेगावच्या जत्रेला बैल घेऊन पुन्हा तुमच्याकडंच येतो. तिथं बी असंच झालं तर तुमचं तुमी, आमचं आमी."

माणिकप्पांचं सगळ्यात मोठं दुखणं वेगळंच होतं. आपण खाल्लं नाही, एवढं पक्कं. पण बजरंगनं पंजा दिला होता की चार, हे फक्त हाताला माहीत, आणि हात तर झोपलेला. आपलंच चुकलं असणार, असं त्यांनी मनातून धरून टाकलं. तरी दवाखान्याला नकोच म्हणत होते. बाजारात कळलं तर? शेवटी कपातला चहा थेट पार्वतम्मांच्या नव्या साडीवर गेला आणि दुसऱ्या दिवशी बादशहांना लातूरच्या एस.टी.त बसवण्यात आलं.

तिथल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टर अक्षरा वयानं त्यांच्या नातीएवढ्या. त्यांनी माणिकप्पांना डोळे मिटायला लावलं आणि कापसाच्या बोळ्यानं एकेक बोटाला स्पर्श केला.

"आत्ता कोणत्या बोटाला लागलं, काका?"

माणिकप्पा गप्प.

"आणि आता?"

चेहऱ्यावर मयत.

"काहीच जाणवत नाही?" अक्षरा घाबरल्या.

"करंगळीला जाणवलं की. पण ते असं तोंडानं सांगायचं नसतं."

मग अक्षरांनी त्यांचं मनगट वाकवून धरलं, त्यावर टिचक्या मारल्या, हाताला मुंग्या आणून दाखवल्या आणि म्हणाल्या, "हे कार्पल टनेल आहे."

माणिकप्पा खुर्चीतून उठलेच. "करपल्लवी? ते तुमाला कुणी सांगितलं? बजरंगनं?"

"कोण बजरंग?"

"आमच्या यांचा धंदा हाय तो," पार्वतम्मा म्हणाल्या. "बसा हो खाली."

गैरसमज निस्तरल्यावर अक्षरांनी समजावलं, की मनगटात एक बोगदा असतो. त्यातून बोटांच्या नऊ दोऱ्या आणि एक शीर जाते. दोऱ्यांना सूज आली की शीर चेंगरते.

"तुमच्या गंजगोलाईत बाजाराच्या दिवशी माणसं चेंगरतेत तसं," माणिकप्पा म्हणाले.

"अगदी. झोपताना हात कसा ठेवता?"

"हा गालाखाली, मनगट मुडपून," पार्वतम्मांनी परस्पर साक्ष दिली. "लहान लेकरागत."

म्हणून रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी आली. दवाखान्यात कोमट मेणात हात बुडवायचा आणि घरी बोटांचे व्यायाम करायचे: बोटं ताठ, मग आकडी, मग मूठ, मग पुन्हा ताठ. साखरेची आणि थायरॉइडची तपासणीही करायची. जाता जाता अक्षरांनी त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसाचा उंचवटा दाबून पाहिला. "हा बसून खळगा पडला की समजायचं शीर फार दिवसांपासून चेंगरलीय. तुमचा शाबूत आहे, वेळेवर आलात. काही आठवडे करून बघू. फरक नाही पडला तर सर्जनकडे पाठवीन."

माळेगावची जत्रा तोंडावर आली होती, त्यामुळे माणिकप्पांनी व्यायाम विड्यासारखा धरला, दर दोन घोट चहामागं एकदा. पण उदगीरच्या हॉटेलात बसून ताठ, आकडी, मूठ चालू झालं की शेजारच्या बाकावरचे भाव वाचायला लागत.

"पाच? आता शून्य? परत पाच? अप्पा, एक काय ते ठरवा की!"

त्यावर उपाय म्हणून त्यांनी हातावर रुमाल टाकला. मग तर गावभर झालं, की माणिकप्पाशी सौदा करायला आता कुणी उरलं नाही, गडी स्वतःशीच भाव करत बसलाय. रात्रीची पट्टी दिवसा दिसू नये म्हणून पार्वतम्मा ती उशीच्या अभ्र्यात दडवायच्या. तरी मुंग्या हळूहळू मागं हटल्या. हात झटकायला उठणं थांबलं. अंगठ्याचं टोक तेवढं अजून रुसलेलं होतं, पण ते मालकाला ओळख देत होतं.

माळेगावात व्यंकट बैल घेऊन हजर होता आणि समोर घेणाऱ्याचा दलाल म्हणून पुन्हा बजरंगच. हाळीचा किस्सा ऐकलेले सगळे गोल करून उभे.

"अप्पा, हजार ठेवायला खिसा शिवून आलात ना?" बजरंगनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

माणिकप्पांनी दुकान बंद केलं. रुमाल पडला. आत बजरंगनं हात धरला. एक, दोन, तीन, चार बोटं दाबली गेली. अंगठा नुसता टेकला होता, लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखा. माणिकप्पांचं बोट हळूच बजरंगच्या अंगठ्याच्या बुडाशी गेलं. तिथं उंचवटा नव्हता, खळगा होता.

"किती दिलेस?" माणिकप्पांनी ओठ न हलवता विचारलं.

"पंजा."

"चारच लागले. अंगठ्यात जोर न्हाई तुझ्या. हाळीला बी नव्हता."

बजरंगच्या तोंडावरची रेघ हलली नाही, पण कानशिलावरून घाम उतरला.

"रात्री हात झटकतोस?"

"तुमाला कुणी सांगितलं? आमच्या घरात फोन केलात का?"

"हाळीची चूक तुझी. सांग सगळ्यास्नी."

"धंदा बसंल माझा. दोघांची चूक म्हणू. अर्धी अर्धी."

"न्हाई."

रुमाल वरखाली होत होता. गर्दीला वाटलं, भाव चढतोय.

"पुरी माझी," बजरंग शेवटी पुटपुटला, "पण अंगठ्याचं नाव काढायचं न्हाई."

"मंजूर. आन् परवा माझ्यासंगं लातूरला यायचं. तिथल्या बाईंनी डोळे मिटायला सांगितले तर तोंड उघडायचं, लक्षात ठेव."

रुमाल निघाला. बजरंगनं घसा साफ केला. आवाज त्याचाच होता, फक्त थोडा लहान. "हाळीला माझ्या हातून चारच गेले होते. अप्पांनी बरोबर सांगितलं. चूक माझी."

एवढा महागडा सौदा माळेगावात बऱ्याच दिवसांत झाला नसावा. माणिकप्पांच्या बंद दुकानाची एक फळी उघडली आणि आतून हसू बाहेर आलं.

"ते समदं झ्याक झालं," व्यंकट म्हणाला, "पण अप्पा, माझा बैल कितीला गेला?"

बैल राहूनच गेला होता. माणिकप्पांनी घाईघाईनं पुन्हा रुमाल टाकला, आणि आत बजरंग कुजबुजला, "चार बोटं मी दाबतो. अंगठा तुमी तुमच्या मनानं धरा."